ठचं पोट

वर्गात मुलं चोवीस, पेन्सिली चोवीस, खोडरबर एकोणीस. उरलेले पाच चघळून संपले होते. बाईंचा आवाज मात्र शून्य. सकाळीच घसा बसला होता, आणि तपासणीचे साहेब मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसले होते.

गाण्यावर अक्षरं गिरवून घ्यायचा प्रयोग बाईंचा. सूर जितका लांब, तितकी रेघ लांब. सूर थांबला की पेन्सिल थांबली. तीन महिन्यांत मुलांचे हात वळणावर आले होते. पण मोठ्या बाईंनी सुनावलं होतं, "साहेब हो म्हणाले तर ठीक. नाहीतर उद्यापासून वर्ग चिडीचूप."

म्हणून बाईंनी गाण्याच्या मास्तरांना ओढून आणलं. "'ठ'च्या तीनच ओळी आहेत," त्या कुजबुजल्या. "सरळ म्हणा, मास्तर."

"अहो, चाळीस वर्षं गातोय. मला शिकवता?"

मास्तरांनी डोळे मिटले. "खाऽली ये." चोवीस दांड्या सुबक उतरल्या. "गोऽल फिर" म्हणताना मात्र मास्तरांना 'गो'मध्ये ऐसपैस जागा सापडली आणि त्यांनी तान घेतली.

मुलं आज्ञाधारक. सूर थांबेना, तशा पेन्सिलीही थांबेनात. ठचं पोट सुटलं, खालच्या ओळीत शिरलं, एकीचं तर पान ओलांडून बाकावर गेलं.

"मास्तर, बास," बाई म्हणाल्या. ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही.

"बाई, माझं टोक मोडलं," पुढच्या बाकावरची दातपडकी म्हणाली. "बोटानं फिरवू?"

मास्तरांचा दम संपला तेव्हा साहेबांनी एक वही उचलली. "हे अक्षर आहे की गोगलगाय?"

दारात उभ्या मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. बाई शांतपणे साहेबांच्या कानाशी वाकल्या. "अक्षर बिघडलं, साहेब, प्रयोग नाही. हात सुरामागे जातो, हे याहून स्पष्ट कसं दाखवू?"

"लहान मुलांचं ठीक आहे. मोठ्या माणसाचा हात असा वाहवत नाही."

"मग लिहून बघा. तुमचा ठ नीट आला, तर गाणं आजच बंद."

"आणि नाही आला तर?"

"परवानगीवर सही."

साहेब हसले, त्यांनी पेन उघडलं. मास्तरांना सांगावं लागलं नाही. त्यांचे डोळे आधीच मिटले होते.

नंतर बाईंनी भिंग घेऊन मोजलं. मुलांच्या ठला सरासरी सात वेढे. साहेबांच्या ठला अकरा.