तुलनेसाठी एक तोंड

कर्करोग-प्रतिबंधक गोळीच्या प्राथमिक टप्प्यातील चाचणीचा निष्कर्ष असा निघाला, की खरी गोळी आणि खोटी गोळी या दोन्ही सारख्याच गुणकारी आहेत. असा निष्कर्ष विज्ञानाला परवडत नाही, म्हणून तो निघालाच नाही असे ठरवण्यात आले. वाचकांनीही वरचे वाक्य आपल्या नजरेस पडले नाही असे समजून पुढे यावे.

रोग झाल्यावर औषध घेणे हे मागासलेपणाचे लक्षण असून रोग होण्याआधीच औषध घेणे हे प्रगतीचे लक्षण आहे. ही प्रगती १९७४ साली सोलापुरात येऊन पोचली आणि एका सूतगिरणीच्या दरवाजासमोर, कडुलिंबाच्या झाडाशेजारी, पत्र्याच्या खोलीत तिचे कार्यालय उघडले. सोलापूरच का, असा प्रश्न काही पुणेकरांनी विचारला. तज्ज्ञांचे उत्तर असे, की तोंडाच्या कर्करोगाचा धोका असलेली इतकी माणसे एका भोंग्यावर एका दरवाजातून बाहेर पडताना त्यांनी अन्यत्र पाहिली नव्हती. (हा शहराचा गौरव आहे असे समजून गिरणीत पेढे वाटले गेले. पेढ्यांनंतर तंबाखू.)

गालाच्या आत पांढरा डाग असलेल्या माणसाला चाचणीच्या भाषेत ‘अधिक धोक्याचा’ म्हणत. डाग म्हणजे कर्करोग नव्हे, पण त्या वाटेवरचे ते एक स्टेशन असू शकते. काही गाड्या तिथेच थांबतात, काही पुढे जातात, आणि कोणती गाडी कोणती, हे आपल्या रेल्वेप्रमाणेच आधी कोणी सांगू शकत नाही. ‘अधिक धोका’ ही गिरणी कामगाराला अर्ज न करता मिळालेली पहिलीच सरकारी गोष्ट होती. चाळीतल्या बायका नळावर सांगत, “आमच्या ह्यांचा धोका लई वरचा हाय,” आणि ज्यांच्या नवऱ्याच्या तोंडात काहीच सापडले नाही, त्या मान खाली घालून घागर उचलत.

या चाचणीचा क्षेत्र सहायक म्हणजे रामहरी. मूळचा मोडनिंबचा. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र (दुसऱ्या प्रयत्नात). तंबाखू ही वनस्पतीच असल्यामुळे तिच्याशी त्याचा संबंध आधी शैक्षणिक होता, मग तो वाढत गेला. त्याच्याकडे एक बॅटरी, लाकडी पट्ट्यांचे एक खोके आणि तीन कामे होती. लोकांच्या तोंडात बघायचे, दर सोमवारी आठवड्याच्या गोळ्या द्यायच्या आणि ‘तंबाखू सोडा’ असा सल्ला द्यायचा. स्वतःची चिमूट उजव्या गालात असल्याने हा सल्ला तो तोंडाच्या डाव्या बाजूने देत असे. सल्ला ऐकणाऱ्यांचीही चिमूट कुठे ना कुठे असेच, त्यामुळे दोन्ही पक्षांत एकमेकांबद्दल आदर होता.

रामहरीच्या स्वतःच्या तोंडात मात्र कोणी पाहिले नव्हते. नेमणुकीच्या आदेशात तसे कलम नव्हते. त्याला एवढेच ठाऊक होते, की काही महिन्यांपासून शेंगाचटणी उजव्या बाजूला झोंबते. सोलापुरात ज्याला शेंगाचटणी झोंबते, त्याच्याकडे लोक परगावचा म्हणून बघतात. त्यामुळे तो ती डावीकडून खाई आणि बायको विजयमाला हिला सांगे, की अलीकडे चटणीत लसूण जास्त पडतो.

“लसूण तेवढाच हाय,” विजयमाला म्हणे. “तुमचंच कायतरी बिनसलंय. त्वांड बघू.”

“तोंडं बघण्याचं काम माझं आहे,” रामहरी म्हणे, आणि घास गिळी.

चाचणीच्या प्रमुख डॉ. दाक्षायणी बिराजदार. मूळच्या अक्कलकोटकडच्या. रागावल्या की कानडीत रागवत, म्हणून कार्यालयात शिपायापर्यंत सगळ्यांना थोडे कानडी येत होते. पद्धत त्यांनी रामहरीला पहिल्याच दिवशी समजावली. निम्म्या लोकांना अ जीवनसत्त्वाची गोळी, निम्म्यांना नुसत्या पिठाची. दोन्ही पिवळ्या, दोन्ही गोल. कोण काय खातो ते खाणाऱ्याला माहीत नसावे आणि देणाऱ्यालाही माहीत नसावे. कोणालाच काही माहीत नसताना काम चालू ठेवायचे, ही कल्पना परदेशातून आली असे डॉक्टर म्हणाल्या. रामहरीने जिल्ह्यातली बरीच कार्यालये पाहिलेली असल्यामुळे त्याला ती पद्धत देशी वाटली.

सगळे शास्त्राप्रमाणे चालले होते. अडचण लिंबाखाली निघाली.

गिरणीच्या सुट्टीत लिंबाखाली महिपती जॉबरची, म्हणजे खात्याच्या मुकादमाची, चंची उघडे. चार कप्प्यांची जुनी कापडी चंची. तंबाखू कोणाचीही असो, ती आधी चंचीत पडायची आणि मग चिमटीचिमटीने सगळ्यांना मिळायची. स्वतःची पुडी काढून एकट्याने मळणारा माणूस त्या झाडाखाली आजवर झाला नव्हता. (एकदा झाला होता. त्याने पुढे बदली मागून घेतली.) एके दिवशी रामहरी तिथे टेकला आणि त्याला सुपारीच्या कप्प्यात पिवळ्या गोळ्यांचा ढीग दिसला.

“मामा, या गोळ्या कुणाच्या?”

“समद्यांच्या,” महिपती म्हणाला.

“म्हणजे नावं कुणाची?”

“नावं ऱ्हाऊ द्यात की तुमच्या खोलीत. गोळीला कुटं कळतंय कुणाचं नाव काय ते?”

“अहो, प्रत्येकानं आपापलीच खायची असते.”

गिरणीचा पहारेकरी पीरसाब, ज्याला डाग नव्हता, धोका नव्हता आणि चाचणीत नावही नव्हते, त्याने तोंडातली गोळी या गालातून त्या गालात नेली.

“अकेला खानेवाले को हम लोगां पानी भी नै पुछते, साब,” तो म्हणाला.

“आन काय ओ,” महिपतीने विचारले, “निम्म्या गोळ्या पिठाच्या हायेत म्हणत्यात, खरं का?”

“ते मला सांगता येत नाही.”

“मंग बरोबर हाय की आमचं. एकाच्या नशिबी नुसतं पीठ कशापायी? आज पीठ, उद्या औषध. समद्यांना समदं.” त्याने चंची पुढे केली. “घ्या.”

“मला नको.”

“का? आमच्या हातची चालत न्हाय व्हय?”

या प्रश्नानंतर सोलापूर जिल्ह्यात कोणीही काहीही नाकारू शकत नाही. रामहरीने गोळी घेतली. खरे सांगायचे तर त्याला चटणीही आठवली होती. दुसऱ्या दिवशी तो सुट्टीच्या आधीच झाडाखाली हजर होता. महिनाभरात दरवाजाबाहेरचा न्हावी, चहावाला आणि बाजारासाठी अकलूजहून येणारा एक पाहुणा एवढे सगळे प्रतिबंधक उपचाराखाली आले. हे वर कळवावे असे रामहरीच्या अनेकदा मनात आले. पण कळवायचे म्हणजे कसे कळले ते सांगणे आले, आणि ते सांगायला तोंड उघडावे लागले असते.

वर्ष संपल्यावर डॉक्टरांनी आकडे मांडले. खऱ्या गोळीच्या गटात डाग जितके कमी झाले, पिठाच्या गटात अगदी तितकेच.

“रामहरी, हे कसं शक्य आहे?”

“मॅडम, सोलापूरची हवा कोरडी आहे.”

डॉक्टरांनी कानडीत एक छोटे वाक्य उच्चारले. मग त्या म्हणाल्या, की आता एकच मार्ग उरतो. याच दरवाजावरचा, हीच तंबाखू खाणारा, डाग असलेला, पण आजवर एकही गोळी पोटात न गेलेला माणूस तुलनेला हवा. रामहरी आठवडाभर तो शोधत हिंडला. सापडण्याचे काही कारण नव्हते. तसा माणूस नाही, हे तो सांगायला आला तेव्हा डॉक्टर त्याच्याकडे निरखून पाहू लागल्या.

“तुम्ही नेहमी डावीकडूनच का बोलता?”

“सवय आहे, मॅडम.”

“तोंड उघडा.”

त्यांनी बॅटरी लावली आणि बराच वेळ पाहिले. मग बॅटरी विझवून आवाज खाली आणला. “मुगाएवढा आहे. चटणी झोंबते?”

“थोडी.”

“गोळी खाल्लीत कधी?”

या प्रश्नाला दोन उत्तरे होती. ‘हो’ म्हटले तर चाचणी बुडणार, नोकरी जाणार आणि लिंबाखालच्या सगळ्यांच्या गोळ्या बंद होणार. ‘नाही’ म्हटले तर यातले काहीच होणार नव्हते, फक्त त्याची स्वतःची गोळी बंद होणार होती. तिसरे उत्तर रामहरीने बराच वेळ शोधले, पण वनस्पतिशास्त्रात ते नव्हते.

“नाही, मॅडम.”

“एकही नाही?”

“वासही नाही.”

डॉक्टरांचा चेहरा वर्षात पहिल्यांदा खुलला. त्यांनी तिथल्या तिथे त्याचा एक स्वतंत्र गट केला. गटसंख्या एक. नियम समजावले. तुलना-गटाला गोळी मिळत नाही. तुलना-गटाला सल्लाही मिळत नाही, कारण सल्ला हा औषधाचाच प्रकार धरला आहे. तुलना-गटाने पूर्वी जसे होते तसेच राहायचे, म्हणजे तंबाखूसुद्धा तशीच. दर सोमवारी तोंड दाखवायचे. “तुमचे विज्ञानावर उपकार आहेत,” त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटले.

घरी हे ऐकून विजयमालाने भाकरी थापायची थांबवली.

“म्हंजे साऱ्या गिरणीला औषध, आन तुमाला तेवढं विज्ञान.”

“तसं नाही गं, नियम असतो.”

“आणा ती पुडी हिकडं. आजपासनं बंद.”

“बंद करता येत नाही. ऑर्डर आहे.”

“ऑर्डर.” तिने त्याच्या खिशातून पुडी काढली आणि चुलीत टाकली. दोघेही बराच वेळ खोकत राहिले. दुसऱ्या दिवशी कार्यालयाने नव्या पुडीची सोय केली, कारण तुलना-गट बिघडून चालणार नव्हता.

लिंबाखाली आता तो चंचीतली तंबाखू घेई आणि गोळी परत ठेवी. “रोज वाटा मागं टाकतायसा,” महिपती म्हणे, “कुणाशी भांडलायसा व्हय?” पीरसाब त्याच्या वाट्याची गोळी खाऊन टाकी, म्हणजे ती वाया जाऊ नये.

पुढे मुगाची तूर झाली. त्या सोमवारी डॉक्टरांनी दोनदा मोजून खात्री केली, आणि चाचणी सुरू झाल्यापासून प्रथमच फरक आढळला. गोळी घेणाऱ्यांचे डाग कमी झाले होते, न घेणाऱ्याचा वाढला होता. गोळी गुणकारी होती. वरून अभिनंदनाची तार आली आणि डॉक्टरांनी रामहरीला स्वतःच्या हाताने चहा दिला. तो कोमट होताना वाट पाहत रामहरी बसून राहिला, कारण गरम आता सोसत नव्हता.

“मॅडम, आता मला गोळी मिळेल?”

“आता? आता तर तुम्हाला हलवताच येत नाही. पुढच्या टप्प्यात बघू.”

पुढचा टप्पा कधी, हे पद्धतीप्रमाणे कोणालाच माहीत नव्हते. तेव्हा रामहरीने रीतसर अर्ज केला. तो असा:

‘महोदया, अर्जदार हा सदर चाचणीचा संपूर्ण तुलना-गट असून त्याच्या तोंडातील डाग हा कार्यालयाचा डाग आहे. तरी कार्यालयाने तो आपल्या ताब्यात घेऊन अर्जदारास उरलेले तोंड परत करावे. चाचणी खंडित होऊ नये म्हणून अर्जदाराच्या जागी, ही हकीकत वाचताना ज्यांना हसू आले अशा व्यक्तींपैकी एकीचे तोंड कायमस्वरूपी वर्ग करून घ्यावे. हसताना ते उघडेच असल्याने तपासणीस वेगळा त्रास पडणार नाही. त्या व्यक्तीने आत बोट फिरवून पाहू नये, कारण पाहिल्यास ती तुलनेस अपात्र ठरेल. कळावे, ही विनंती.’