डाग समजावणारे ऋषीभाऊ

ऋषीभाऊ माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहतात, आधी गुडघ्यांकडे. आमच्या ऊर्जानगरच्या वसाहतीत कोणाच्याही जीन्सवर गवताचा हिरवा डाग असला, की तो त्यांच्या नजरेतून सुटत नाही. एकदा एका मयतीला ते मान खाली घालून इतका वेळ उभे होते, की शेजारच्या माणसानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ऋषीभाऊ त्याच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "गवतात बसले होते का जी? घरी गेल्यावर गरम पान्यात टाकू नका."

मी चिमूरहून इथं बदलून आलो, त्याच दिवशी आमची ओळख झाली. ट्रकमधून कपाट उतरवताना ओल्या गवतावरून घसरलो आणि दोन्ही गुडघे हिरवे करून उठलो. वरच्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला.

"ओ नवे पाव्हने! लय लागलं का जी?"

"नाई जी, काई नाई लागलं."

"तुमाले नाई, पँटले इचारून राह्यलो!"

थोड्याच वेळात मी त्यांची लुंगी नेसून त्यांच्या खोलीत चहा पीत होतो आणि खाली माझी बायको वैशाली हमालांना कपाट कुठं ठेवायचं ते सांगत होती. ती गोष्ट तिनं मला अजून माफ केलेली नाही.

गंमत अशी, की ऋषीभाऊ स्वतः पॉवर हाऊसच्या कोळशाच्या विभागात. ड्युटीवरून परत येतात तेव्हा डोळे आणि दात तेवढे ओळखू येतात. मी एकदा त्यांना म्हटलं, "भाऊ, तुमचा हा शर्ट पाहा आधी." तर म्हणाले, "कोळसा म्हंजे डाग नोय बाप्पा, तो आपला धंदा आहे. गवताचं तसं नाई. ते बिनबुलाये येते अन् मुक्काम ठोकते."

त्यांची पद्धत ठरलेली. जीन्स उलटी करून आतल्या शिवणीवर इंजेक्शनच्या स्पिरिटचा एक थेंब टाकायचा. "निळा रंग निघाला तं थांबाचं. त्यापेक्षा डाग परवडला." नाही निघाला तर स्पिरिटचा बोळा डागावर टेकवत जायचं. स्पिरिट संपलं असेल तर व्हिनेगर. त्यामुळे कोपऱ्यावरचा चायनीजच्या गाडीवाला ऋषीभाऊ दिसले की आधी बाटली लपवतो. मग थंड पाणी, साबणाची पूड आणि जुना दात घासायचा ब्रश. आपण जोर लावायला गेलो की ब्रश काढून घेतात. "घासू नका! डागाले घासाचं नसते, समजवाचं असते."

आणि मग भिजवणं. पुरता एक तास. त्याच्या आधी बादलीला हात लावायचा नाही, आणि आपली पँट दुसऱ्याच्या बादलीत असल्यामुळे माणूस जाणार तरी कुठं? तो तास चहा, चिवडा आणि वाघात जायचा. रात्रपाळीहून परत येताना रस्त्यात वाघ आडवा बसला होता, ही त्यांची आवडती गोष्ट. वाघ दर वेळी हातभर लांब व्हायचा. पावसाळ्यात गवत वाढलं, की त्यांच्या गॅलरीत एका वेळी दोन-तीन लुंगीवाले बसलेले दिसत.

यंदाच्या पावसाळ्यात वैशालीच्या भावासाठी, नीलेशसाठी, गोंडपिपरीला मुलगी पाहायला जायचं ठरलं. नीलेशला वडील नाहीत, आईला प्रवास झेपत नाही, म्हणून तो आदल्या दिवशीच आमच्याकडे आला होता. नवी कोरी जीन्स घालून सकाळी तयार झाला. गाडी दारात उभी. तेवढ्यात त्याला हिरवळीवर फोटो काढायची हौस आली. एक पाय पुढे टाकून ऐटीत उभा राहायला गेला आणि दोन्ही गुडघ्यांवर आला.

"आता काय घालून जाशील रे? माह्या साड्या?" वैशाली रडकुंडीला आली. आदल्या दिवशीची पँट धुऊन वाळत घातलेली, आणि माझी पँट त्याला ढोपरापर्यंत यायची. उशीर झाला तर तिकडचे पाहुणे काय म्हणतील, याचा तिनं धसका घेतला होता.

ऋषीभाऊ नुकतेच ड्युटीवरून येत होते, काळेकुट्ट. त्यांनी फक्त हात धुतले. "काढ बापू पँट." नीलेश जिन्यातच लुंगीवर आला. स्पिरिट, बोळा, थंड पाणी, ब्रश. मी बादली धरून उभा. पाहता पाहता हिरवं फिकं झालं, मग दिसेनासं झालं. उजेडात धरून खात्री केल्यावरच त्यांनी गुडघ्यांवर इस्त्री फिरवली. नीलेश पँट घालून गाडीत बसलासुद्धा.

मी जिन्यातच थांबलो. "भाऊ, आमची तं तासभर भिजवत होते तुमी."

ते ब्रश धूत होते. मान वर न करता म्हणाले, "भिजाले धा मिन्टं पुरतात जी."

"मंग तास काऊन?"

"मंग तुमी लोकं बसले असते का?"

असं म्हणून ते हसले, ब्रश झटकला आणि तोंड धुवायला आत गेले. त्यांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती. लेक लांब सिरोंच्याला दिलेली, ती वर्षाकाठी एकदा यायची. हे सगळं मला माहीत होतं. पण त्या गॅलरीत बसून मी नुसता वाघ ऐकला होता.

गाडीत मी वैशालीला हे सांगितलं. ती खिडकीबाहेरचे धानाचे बांध पाहत होती. मग म्हणाली, "पसंती झाली तं साक्षगंधाले भाऊले नेऊ."

पसंती झाली. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी ऋषीभाऊ पांढराशुभ्र शर्ट घालून आले, तेव्हा खालच्या वॉचमननं त्यांना ओळखलंच नाही. गोंडपिपरीला मुलीच्या काकांनी वैशालीला विचारलं, "हे कोन होय जी?"

"हे आमचे मोठे भाऊ," ती म्हणाली, आणि वडीलधाऱ्यांच्या सतरंजीवर त्यांना पुढे बसवलं. टिळा लावून घ्यायला त्यांनी मान वाकवली ती पुष्कळ वेळ वर केलीच नाही. मला वाटलं, समोरच्या कोणाचे गुडघे पाहत असतील. पण समोर बसलेल्या सगळ्यांनी धोतरं नेसलेली होती.

परतीच्या वाटेवर ऋषीभाऊ खिडकीशी बसले होते. वाघाचा रस्ता आला आणि गेला, तरी वाघ निघाला नाही. वसाहतीचं फाटक दिसायला लागलं तेव्हा त्यांनी घसा साफ केला.

"वैशालीबाई, लग्नाची तारीख पक्की झाली का मले लवकर सांगजा. रजा आधी टाका लागते."

"सांगतो ना भाऊ," वैशाली म्हणाली.

ऋषीभाऊंनी खिडकीची काच खाली केली.

"रजेचं कारन लिहा लागते," ते बाहेर पाहत म्हणाले. "घरचं लग्न, असं लिहिलं तं चालन का?"