हसुरामशेठची वॉरंटी

दसऱ्याला पनवेलची सगळी खांदा कॉलनी गाड्यांना झेंडूच्या माळा घालत होती, तेव्हा आमचे घरमालक हसुरामशेठ सर्व्हिस सेंटरला फोन लावून बसले होते. नव्या गाडीपुढे नारळ फोडला तर वॉरंटी जाते का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पलीकडच्या मुलीने साहेबांना विचारून कळवलं की नारळाला हरकत नाही. तरीही शेठनी तो लांब गेटापाशी नेऊन फोडला. पाणी उडून इंजिनात गेलं तर कंपनी हात वर करेल, अशी त्यांना धास्ती. लिंबू-मिरची तर त्यांनी बांधूच दिली नाही. ती बाहेरची ॲक्सेसरी झाली म्हणे.

शेठ मूळचे इथलेच शेतकरी. भाताच्या खाचरांवर कॉलनी आली, शेठची इमारत उभी राहिली आणि तळमजल्यावर आम्ही नवरा-बायको भाड्याने राहायला आलो. शेठच्या पत्नी आम्ही येण्याआधीच गेल्या होत्या. मुलगा बंगळुरूला. वरच्या मजल्यावर शेठ एकटे. साठी उलटल्यावर त्यांनी गाडी घेतली, आणि गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक माझ्या बायकोकडून वाचून घेतलं. कंपनीने मंजूर केलेलंच इंजिन ऑईल वापरा, नाहीतर वॉरंटी रद्द होऊ शकते, हे वाक्य त्यांनी तिला पुन्हा वाचायला लावलं. आणि तिथून आमच्या सगळ्यांच्या मागे ते लागलं.

"कंपनीला मान्य हाय का?" हे त्यांचं पालुपद झालं. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली, तर शेठ हेच विचारून आले. आमच्याकडे काही तळण चाललं की स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबून कुठलं तेल म्हणून चौकशी. बायकोने शेंगदाण्याचं सांगितलं की मान डोलावून पुढे जायचे. माझ्या जुन्या स्कूटरवर तर त्यांचा विशेष राग. मी नाक्यावरचं सुटं ऑईल भरतो हे कळल्यावर ते तिच्याकडे आजारी नातेवाइकाकडे बघावं तसे बघत राहिले. मला म्हणाले, "मास्तर, तुमी तिला इख पाजताय."

सर्व्हिसच्या दिवशी शेठ लग्नाला निघाल्यासारखे तयार होत. पांढरा सदरा, पांढरी टोपी, अत्तराचा फाया. सर्व्हिस सेंटरमध्ये गिऱ्हाइकांसाठी थंडगार खोली, कोच आणि फुकट कॉफी असते. शेठ त्यातलं काही घेत नसत. काचेला नाक लावून उभे राहायचे आणि ऑईलचा सीलबंद डबा आपल्यासमोर फुटल्याशिवाय हलायचे नाहीत. रिकामा डबा धुऊनपुसून घरी आणत. त्यांच्या गच्चीवर कढीपत्ता, ओवा, गवती चहा, सगळं मंजूर डब्यांत लावलेलं होतं.

एकदा पेणच्या एका लग्नाला त्यांनी मला गाडीतून नेलं. शेठ गाडी इतक्या हळू चालवत की सायकलवाले मागे वळून बघत. पळस्प्याला वळून कर्नाळ्याच्या अलीकडे येतो तोच ऑईलचा लाल दिवा लागला. समोरच गॅरेज होतं. तिथला मेकॅनिक म्हणाला, थोडं ऑईल कमी झालं असेल, एवढं घालतो आणि निघा. शेठनी त्याचा डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला. त्याला बॉनेटला हातसुद्धा लावू दिला नाही. मग कंपनीची टोइंगची गाडी येईपर्यंत आम्ही दोघे इस्त्रीच्या कपड्यांत एका झाडाखाली जांभळं खात बसलो. लग्न लागलं, पंगती उठल्या, आम्ही आपले टोइंगवाल्याच्या केबिनमध्ये बसून पनवेलला परत. माझा भुकेने जीव चालला होता आणि शेठ त्या ड्रायव्हरला त्याच्या मुलाबाळांची नावं विचारत होते. इतके खुशीत मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल.

सर्व्हिसनंतर कंपनीतून एक मुलगी फोन करून विचारते, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल? शेठ दर वेळी नऊ द्यायचे. एकदा माझ्यासमोरच दिले. मी म्हटलं, सगळं तुमच्या मनासारखं झालं, मग बिचाऱ्यांचा एक गुण का कापता?

शेठ ओशाळले. गच्चीवरच्या ओव्याची पानं खुडत म्हणाले, "दहा दिले तर ती थँक्यू बोलून ठेवते, मास्तर. नऊ दिले का मॅनेजरचा परत फोन येतो. काय कमी पडलं, इचारतो. मंग जरा बोलनं होतं."

मुलाचा फोन रविवारी यायचा आणि तोही मीटिंगला जायच्या घाईत, हे मला माहीत होतं. रात्री मी हे सगळं बायकोला सांगितलं.

पुढे वॉरंटी संपत आली. वाढवून घेतलेलीही संपत आली. शेठ आता गाडी बाहेर काढत नसत, जणू न चालवल्याने वॉरंटी पुरवून वापरता येणार होती. शेवटची सर्व्हिस झाली, शेवटचे नऊ दिले, मॅनेजरशी बोलणं झालं. त्यानंतर फोन थांबले. शेठ गच्चीवर मोबाईल घेऊन बसलेले दिसायचे. तळणाचा वास आला तरी खिडकीशी येईनात. त्यांचं ते विचारणं नाही म्हटल्यावर आमचंच घर सुनं वाटायला लागलं.

मग एका रविवारी बायकोने अळूवड्या केल्या आणि बशीभर वर पाठवल्या. दुपारी तिने माझा मोबाईल माझ्याच हातात दिला आणि म्हणाली, लावा. मी जमेल तेवढा ऑफिसचा आवाज काढला.

"नमस्कार सर. आज आपल्याकडे अळूवड्या पोचल्या. आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला.

"नऊ," शेठ म्हणाले.

बायकोने चहाचं आधण ठेवलंच होतं. काय कमी पडलं ते विचारायला आम्ही दोघे जिना चढून वर गेलो.