यंत्राला चंदनउटी

या मंडळी, जरा जवळ सरका, टाळ मांडीवर ठेवा. एक आख्यान सांगतो. ज्याला वास येतो त्याने बोलावे, असा नियम कोणत्याही शास्त्रात नाही. म्हणूनच मनुष्याला यंत्रे करावी लागली.

नव्वदच्या सुमारास धुळ्याजवळच्या एका गावी सप्ताह समितीचे चिटणीस होते पितांबर आबा. कीर्तनात डोळे भरून येणारे, मुंगीलाही वाट देणारे. पंगतीचा स्वयंपाक मंदाबाईंकडे. एका मोठ्या तापानंतर त्यांना वास येईनासा झाला होता, आणि सप्ताहात त्या वर्षी प्रथमच गॅसच्या शेगड्या आल्या होत्या.

"गॅस गळना तं मले कसं समजी?" त्या म्हणाल्या.

म्हणून आबांनी धुळ्याच्या एका कॉलेजातून हिलाल सरांनी बनवलेले यंत्र आणले. आत कथलाचे ऑक्साइड (कल्हईचे कथील, त्याचे भस्मच म्हणा) विजेवर चुलीसारखे तापवलेले. त्याच्या कणाकणाला हवेतला प्राणवायू बिलगतो आणि वीज अडवून धरतो. गॅस आला की तो या प्राणवायूलाच उचलून नेतो, वीज मोकळी वाहते, घंटा वाजते. (तापल्याशिवाय ज्ञान नाही, असे बुवा रोज सांगत, गावात ते फक्त भस्माने मनावर घेतले.) दोष एकच, समदृष्टी. स्वयंपाकाचा गॅस आणि दारूची वाफ त्याला सारखीच. वायू वेगळे ओळखायचे तर निराळे ऑक्साइड, निराळी आच, चिमूटभर उंची धातू लागतो. विवेक तेव्हाही महागच होता.

अध्यक्ष अभिमन भाऊ वरणाची चव पाहायला वाकले की घंटा वाजे. (अचूकता शंभर टक्के.)

"आबा, हाई यंत्र मना मांगे का बरं लागनं?" भाऊंनी विचारले.

समितीने बैठक घेऊन निष्कर्ष काढला: यंत्राला उष्णता बाधली आहे. आबांनी हात लावून पाहिला, तर खरेच चटका बसला. जीव कळवळला. वैशाखात देवाला लावतात तशी गार चंदनउटी त्यांनी यंत्राच्या जाळीवर प्रेमाने थापली. यंत्राला शांती लाभली. आभाराचा ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली आणि शेगडीची नळी गळू लागली. वास साऱ्या मांडवाला आला. पण घंटेच्या आधी बोलणे म्हणजे समितीचा अवमान. शिवाय वरण-बट्टी अजून पानात पडायची होती. आबांनाही वास आला. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिले.

वरण ऊन करायला मंदाबाईंनी काडी काढली. आबांचा चेहरा पाहून थांबल्या.

"आबा, वास येस का?"

"यंत्र तं गप शे."

मंदाबाईंनी काडेपेटी त्यांच्या हातात ठेवली. "मंग तुम्हीच पेटाडा."

आबांनी पेटवली नाही. मुकाट्याने सिलिंडर बंद केला. पंगतीत कुजबुज झाली. जेवायला उशीर का, याची.

तर मंडळी, बट्टीवर तूप घेताना मंदाबाईंची आठवण असू द्या. त्यांना वास येत नाही. तुम्हाला आला होता.