दिगंबरकाकांची टाच

इथे अमेरिकेत मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी असेन, तर दिगंबरकाकांचा. आणि हा माणूस सत्तराव्या वर्षी रोज सकाळी माझ्या डोक्यावर नाचतो.

मी त्यांच्या रेडमंडच्या घरात बेसमेंटला राहतो. शिकायला आलो तेव्हा त्यांनी खोली दिली, गाडी शिकवली, नोकरीच्या मुलाखतीला स्वतःचा कोट दिला. आमच्या घरात दहावीपुढे गेलेला मी पहिला. आई फोनवर विचारते, "काकांना त्रास देत नाहीस ना?" तेव्हा वर प्लायवूडवर टॅप डान्सचे, लोखंडी पट्ट्यांचे बूट खटाखट वाजत असतात.

मूळ एका सिनेमात आहे. हॉलिवूडचा, जुना, कृष्णधवल, गाण्यांचा. नायक लखपती, पण प्रेमापायी हॉटेलात वेटर होतो. हे नायिका सोडून सगळ्या हॉटेलला ठाऊक. एका वाक्यात मिटणारी भानगड दोन तास चालते, कारण जो तो सांगायला तोंड उघडतो आणि गायला लागतो. पोलीस पकडायला येतात, तेही नाचतात.

काका एकच जागा दहादा मागे नेतात. "टाच ऐक बे, टाच!"

"काका, पण गोष्ट?"

"गोष्ट कोण बघतो? घोट्याच्या खाली बघ!"

घोट्याच्या वर बघण्यासारखं काही नव्हतंच. खुद्द काकांचा नाच म्हणजे गोठ्यात माश्या झटकणारा बैल. शेजारच्या बेलव्ह्यूला महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात मी तो करून दाखवला. डोक्यावर हॅट म्हणून कागदी प्लेट, तोंडाने "टाच ऐक बे!" लोक हसून लोळले. काकाही हसले.

दुसऱ्या दिवसापासून वर शांतता. आठवडाभर मी मस्त झोपलो.

एरवी रविवारी त्या आवाजाला कंटाळून मी लायब्ररीत जायचो. त्या रविवारी घरीच होतो. कपडे धुवायला वर गेलो, तर काका किचनमध्ये टॅबलेटसमोर. पडद्यावर तिकडे कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला राहणारी नात, रिया, नऊ वर्षांची.

"आजोबा, व्हेअर आर युअर शूज?"

"आज पाय दुखतोय बेटा. स्कूल कसं चाललंय?"

"फाइन. ओके, बाय."

पडदा काळा झाला. मी दारात उभा आहे हे काकांनी पाहिलं.

"तिला मराठी येत नाही," ते म्हणाले, "आणि माझं इंग्रजी ऐकून ती बोअर होते. टॅप शिकते ना ती. त्या सिनेमातली एक स्टेप मी करायचो, ती तिकडून पायांनीच जबाब द्यायची. अर्धा अर्धा तास थांबायची बे." मग म्हणाले, "चहा घेतोस?"

पाय दुखत नव्हता. सकाळीच ते टेकडीवरून फिरून आले होते.

आमच्या शाळेत चुकलं की माफी लेखी द्यावी लागे. वर जायला तेरा पायऱ्या, पण तोंडावर बोलायचं धाडस नव्हतं. पत्र लिहिलं आणि तिकीट लावून पोस्टात टाकलं:

"ती. काकांस सा. न. वि. वि.

मंडळात मी जे केलं त्याची माफी मागतो. तुम्ही वाईटच नाचता, आणि सिनेमा त्याहून टुकार आहे, हे मत बदललेलं नाही. पण मी आईशी मराठीत बोलूनही पाच मिनिटांत फोन संपवतो. तुम्ही भाषेशिवाय अर्धा तास काढत होता. येत्या रविवारी रियाला फोन करा. पाय बरा झाला म्हणून सांगा. कोणामुळे दुखला होता, ते मात्र सांगू नका.

आपला,
सुनील"