पेशंटचं वय दोन महिने

ऑफिसातल्या देवरामभाऊंनी मळ्यातली दोन क्रेट काळी द्राक्षं पुढे केली आणि मला नको म्हणता आलं नाही. (मला कोणालाच नको म्हणता येत नाही. त्यामुळे मी दोन जिमची सभासद आहे आणि एकाही जिमला जात नाही.) एकट्या मुलीने दोन क्रेट द्राक्षं संपवायची कशी? शेजारी वाटावीत, तर हंगामात नाशकात द्राक्षं घेऊन कोणाकडे गेलं की लोक घरातली आणखी किलोभर आपल्याच पिशवीत घालतात. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याची बेल दाबायचं मला धाडस नव्हतं. रूममेट सृष्टी लग्न होऊन गेली, त्याला सात महिने झाले. तेव्हापासून माझी बेल फक्त कुरिअरवाल्याने वाजवली होती, आणि दर वेळी मी दचकले होते.

म्हणून मी वाईन केली, व्हिडिओ बघून. (घरी वाईन करायला परवानगी लागते का, हे मुद्दाम शोधलं नाही. शोधलं तर पोलिसांना कळेल असं वाटलं.) दोन महिन्यांनी तळाशी गाळ बसला. वरची वाईन नळीने अलगद दुसऱ्या काचेच्या बुधल्यात घेतली. चाखली तर जीभ सोडा प्यायल्यासारखी चुरचुरली. व्हिडिओतला माणूस म्हणाला, आत गॅस अडकलाय, व्हॅक्यूम पंपाने ओढून काढा. पंप कुठला आणणार? मग सुचलं, पेशंटचा कफ ओढायचं सक्शन मशीन भाड्याने मिळतं की.

दुकानदाराने फॉर्म पुढे ओढला. पेशंटचं नाव? घाबरून तोंडात आलं ते सांगितलं, सरुबाई. नातं? आत्या. वय?

"दोन महिने," मी म्हणाले.

त्याने चष्म्यावरून पाहिलं.

"म्हणजे दोन महिने झोपून आहेत. वय बहात्तर."

लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या श्यामलाकाकू भेटल्या. तोवर आमचं बोलणं ओला कचरा की सुका, एवढ्यापुरतंच. मशीन पाहून त्यांनी विचारलं, कोणासाठी? एकदा फॉर्मवर चढलेली आत्या मला खोडता येईना.

संध्याकाळी सहाला बेडरूममध्ये मशीन लावलं. ते असं घरघरलं की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. बुधल्यात बारीक बुडबुड्यांची झुंबड उडाली आणि अर्ध्या तासात सगळा गॅस निघाला. तेवढ्यात बेल वाजली. काकू मुगाची पातळ खिचडी घेऊन आल्या होत्या. आत्या आत झोपल्यात म्हटल्यावर हॉलमध्येच बसल्या, हळू आवाजात बोलत. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "आणि तू जेवलीस का गं?"

सात महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. (खिचडी मीच खाल्ली. आत्यांना पथ्य होतं.)

दुसऱ्या दिवशी वाईनमध्ये गॅसचा बुडबुडाही नव्हता, तरी मी बरोबर सहाला मशीन लावलं. सव्वासहाला बेल वाजली. शनिवारपर्यंत अख्खा मजला येऊन गेला. कोणी शहाळी आणली, कोणी कुठल्याशा वैद्यांचा नंबर. मी चहा करत होते, खुर्च्या मांडत होते, गप्पा मारत होते. खरं सांगून टाकायचं म्हणून आरशासमोर दोनदा तालीमही केली. पण सांगितलं की बेल बंद होणार, हे आरशातलीला आणि मला दोघींनाही कळत होतं.

रविवारी पुन्हा थोडा गाळ दिसला. वाईन लहान बुधल्यात घेतली, पार गळ्यापर्यंत भरली आणि मशीन लावून चहाचं आधण ठेवायला गेले. आज किती कप लागतील याचा विचार करत होते, तोवर वाईन नळीतून सरळ मशीनच्या बरणीत चढली. गुडगुड ऐकून धावले, बरणी सोडवली, तेवढ्यात बेल. मी दचकून बरणी हातात घेऊनच दार उघडलं.

लालभडक बरणी पाहून श्यामलाकाकू भिंत धरून खाली बसल्या. "अहो" अशी त्यांची हाक ऐकून वेणीमाधवकाका धावत आले. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. न विचारता थेट बेडरूममध्ये शिरले. पलंगावर, उशीला टेकून, माझी शाल गळ्यापर्यंत पांघरून, तोंडात नळी घेऊन आत्या बसल्या होत्या. (उजेड लागू नये म्हणून शाल. कलंडू नये म्हणून उशी.)

काकांनी शाल काढली. नखाने टिचकी मारली. वास घेतला.

"अहो, हॉस्पिटलात न्यायचं का?" बाहेरून काकूंचा रडवेला आवाज.

"नको," काका म्हणाले. "पेले आण."

काकू मात्र हसल्या नाहीत. आत्यांसाठी त्यांनी कालिकेला नारळ बोलला होता. आत येऊन बुधला पाहिला आणि म्हणाल्या, "बेल वाजवायची होतीस गं. त्यासाठी माणूस आजारी पाडायचा?"

बेल वाजवायला काहीतरी कारण लागतं, असं मी म्हणणार होते, पण रडूच आलं. काकूंनी पदराने माझं नाक पुसलं आणि अर्धा पेला संपवून वाईन जरा आंबट झाल्याचं सांगितलं. सातपर्यंत सगळा मजला जमला. इतकी माणसं माझ्या घरात कधीच हसली नव्हती. साडेआठला बुधला रिकामा झाला. मशीनही परत गेलं.

परवा लिफ्टमध्ये वेणीमाधवकाका भेटले. आस्थेने विचारलं, "काय गं राखी, आत्या पुन्हा कधी येणार?"

"पुढच्या हंगामात," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. "मग आम्ही तेव्हाच येऊ भेटायला."