आतून हलवणारा अल्बम

क्लाइव्ह एन्टविसलने बँड सोडला आणि स्टॉकपोर्टच्या घरातली मागची खोली अडवून एकट्याचा अल्बम करायला घेतला. गिटार त्याची, ड्रम त्याचे, शब्द त्याचे, दुःखही त्याचंच. बायकोकडून, ग्लेनिसकडून, त्याला फक्त शांतता हवी होती. अकरा आठवडे ती बिचारी घरात मोज्यांवर चालत होती. किटली लावायची तरी आधी परवानगी.

जूनमधल्या एका शनिवारी दोन समीक्षक अल्बम ऐकायला यायचे होते. ग्लेनिसने सकाळीच कोळंबीची सँडविचेस करून फ्रिजमध्ये ठेवली आणि ती दातांच्या दवाखान्यात कामावर गेली. ती जाताच क्लाइव्हला शेवटच्या गाण्यातली एक ओळ पुन्हा गावीशी वाटली. फ्रिजच्या घरघरीने ओळीतला एकाकीपणा बिघडत होता. त्याने फ्रिज बंद केला, ओळ एकोणीस वेळा गायली आणि स्वतःच्याच आवाजाने हेलावून बसून राहिला. फ्रिज लावायचं राहूनच गेलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

चार वाजता पाहुणे आले, पाठोपाठ ग्लेनिस. रूपर्ट या वजनदार समीक्षकाने एकट्याने सहाच्या सहा सँडविचेस फस्त केली. इमोजन शाकाहारी, तिने बिस्किटांवर भागवलं. क्लाइव्हने तर धास्तीने कशालाच हात लावला नाही.

चौथ्या गाण्याला रूपर्ट पांढराफटक पडला. पाचव्याला त्याला दरदरून घाम फुटला. सहाव्याला तो तोंडावर हात दाबून पळाला.

"रडायला गेला," क्लाइव्ह कुजबुजला.

"संडासात?"

"मग पुरुषाने रडायचं कुठे?"

रूपर्ट तीनदा रडून आला. निघताना क्लाइव्हचा हात धरून एवढंच म्हणाला, "आत काहीतरी ढवळून निघालंय हो... बोलू नंतर!"

पुढच्या आठवड्यात त्याने छापलं: 'शरीर माझ्या ताब्यात राहिलं नाही. दोन दिवस हा अल्बम माझ्यातून वाहत होता.' इमोजनने लिहिलं: 'सपक. मला काहीच झालं नाही.'

"बघ, या बाईला मनच नाही!" क्लाइव्ह म्हणाला.

बंद फ्रिज ग्लेनिसने त्या शनिवारी पाहुणे गेल्यावर पाहिला होता. आता ती तोंड उघडणार, तेवढ्यात रेकॉर्ड कंपनीचा फोन आला: सहा आठवड्यांचा दौरा! सहा आठवडे घर आपलं! तिने तोंड मिटलं. "छान लिहिलंय रे रूपर्टने," ती म्हणाली.

ते सहा आठवडे तिने बूट घालून जिना चढला, रेडिओ मोठ्याने लावला, मैत्रिणींना बोलावून खिदळून घेतलं.

क्लाइव्ह परतला तो उड्या मारतच. "अगं, कंपनीला दुसरा अल्बम हवाय! लगेच! आणि याच घरात. म्हणतात, इथे काहीतरी आहे!"

ग्लेनिसने पायातले बूट काढले. तो आत जाऊन खुडबुड करू लागला. शेवटी सगळा धीर गोळा करून ती दारात गेली.

"क्लाइव्ह, ऐक. त्या दिवशी रूपर्टला जे झालं ना, ते तुझ्या गाण्याने—"

"श्श!" क्लाइव्हने ओठांवर बोट ठेवलं. "माइक चालू आहे."